वाचक विचारतात : फळ्यावरचा सिग्मा आणि वावरातले आकडे

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या स्टॅटिस्टिक्सबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून पत्रं आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात हा विषय मी निवृत्त होईपर्यंत शिकवला. पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवली. सूत्र कसं लावायचं हे बहुतेकांनी विचारलं. सूत्रात घालायचा आकडा कुणी, कुठं, कसा मोजला हे फार थोड्यांनी. माझा जीव त्या दुसऱ्या प्रश्नात आहे, त्यामुळे उत्तरं तिकडे वळतील.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए. पहिल्या वर्षाला आहे. दहावीनंतर गणित सुटलं ते सुटलंच. आता ओपन इलेक्टिव्हला स्टॅटिस्टिक्स आलं, कारण बाकी विषयांच्या जागा भरल्या होत्या. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर सिग्मा काढला आणि माझे हातपाय गार पडले. गावात सकाळी एकच एसटी येते, ट्यूशन लावणं जमत नाही. किती गणित यावं लागतं? माझ्याच्यानं होईल का?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

उत्तर : होईल बेटा. पहिल्या सत्राला लागणारं गणित म्हणजे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, टक्केवारी, वर्ग, वर्गमूळ आणि आलेखकागदावर बिंदू मांडणं. दहावीला तू मध्य, मध्यक, बहुलक केलंस, वारंवारता सारणी केलीस. सुरुवातीचे आठवडे त्याचीच उजळणी असते. सिग्मा दिसला की एवढंच समजायचं, त्याच्यापुढे जे लिहिलंय त्या सगळ्याची बेरीज करायची आहे.

आता वही घे आणि माझ्यासोबत एक उदाहरण हातानं कर. समजा, सात बाया एका वावरात कापूस वेचायला गेल्या. संध्याकाळी काट्यावर एकेकीचं गाठोडं मोजलं: ३८, ४२, ४५, ४०, ६१, ३९, ४३ किलो. बेरीज ३०८, भागिले ७, सरासरी ४४. हेच आकडे चढत्या क्रमानं मांड: ३८, ३९, ४०, ४२, ४३, ४५, ६१. मधला ४२, तो मध्यक. आता बघ, सातांपैकी पाच जणींनी ४४ पेक्षा कमीच वेचलंय, तरी सरासरी ४४ आली. एकट्या ६१ नं तिला वर ओढलं. वावरमालक जर म्हणाला, ‘बाया सरासरी ४४ किलो वेचतात’, तर तो खोटं बोलत नाही, पण त्यातल्या बहुतेक जणींच्या हाताला तेवढा कापूस लागलेला नाही.

पुढची पायरी, जिथं मुलं हमखास अडखळतात. प्रत्येक आकड्यातून ४४ वजा कर: उणे ६, उणे २, १, उणे ४, १७, उणे ५, उणे १. यांची बेरीज शून्य येते आणि ती नेहमी शून्यच येते, तू कोणतेही आकडे घे. म्हणून फरकांचे वर्ग करायचे: ३६, ४, १, १६, २८९, २५, १. बेरीज ३७२. तिला ६ नं भाग, ६२. वर्गमूळ साधारण ७.८७ किलो. हे झालं स्टँडर्ड डेव्हिएशन, मराठीत प्रमाण विचलन: आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. सात आकडे असताना भागायचं सहानं, ते का? सहा फरक कळले की सातवा आपोआप ठरतो, कारण सगळ्यांची मिळून बेरीज शून्य व्हायची असते. मोकळे फरक सहाच. पुढे ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ आलं की हे पान उघडून बघ. तुमच्या पुस्तकात पहिल्या वर्षाला ७ नंच भागायला सांगितलं असेल तर ७.२९ येईल, फक्त त्या सात जणींबद्दलच बोलायचं असेल तर तेही बरोबर आहे.

आता ६१ काढून उरलेल्या सहांचं कर. सरासरी ४१.१७ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन एकदम २.६४ वर येतं. म्हणजे सहा जणी एकमेकींच्या अगदी जवळ आहेत आणि एक फार लांब. इथं गणित थांबतं आणि पायांनी चालायचं काम सुरू होतं. त्या बाईला जाऊन विचारायचं. ती खरंच तेवढी चपळ असेल. तिची पोरगी शाळेला सुटी म्हणून सोबत आली असेल आणि दोघींचा कापूस एकाच गाठोड्यात बांधला असेल. किंवा सकाळी दव असतानाच वेचलेला ओला कापूस वजनाला जड भरला असेल. पहिलं कारण असेल तर ६१ ठेवायचा. दुसरं असेल तर तो दोन माणसांचा आकडा आहे, एका माणसाच्या रांगेत बसत नाही. नुसता वेगळा दिसतो म्हणून आकडा खोडणं मला बिलकूल मान्य नाही, आणि गाईडांमध्ये हे सर्रास शिकवतात याचं मला वाईट वाटतं.

ट्यूशनची काळजी सोड. तुझी एसटी हीच तुझी ट्यूशन. वेळापत्रकातली वेळ आणि गाडी प्रत्यक्ष आली ती वेळ, रोज वहीत लिही; महिनाभर लिहिलंस की पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यासक्रम त्या आकड्यांवर करता येतो. वारंवारता सारणी, आयतालेख, सरासरी, मध्यक, विचलन, सगळं. गाडी आलीच नाही त्या दिवशी काय लिहायचं, हा प्रश्न तुला पडेलच. तो पडला की सरांना भर वर्गात विचार. चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न वर्षातून एकदा जरी आला तरी बरं वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी कास्तकार. चार एकर वावर, पऱ्हाटी अन् सोयाबीन. पोरगी बी.कॉम.ले आहे, स्टॅटिस्टिक्स शिकते. मी तिले म्हटलं, माह्या वावरातलं सोयाबीन पाण्यानं सडलं, अन् विमा काहून नाही भेटला तर म्हणे मंडळाचं सरासरी उत्पादन चांगलं निघालं. हे तुह्या पुस्तकात कसं बसते ते सांग. तिले सांगता नाही आलं. तुम्ही सांगा.
— एक शेतकरी, उमरखेड तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या पोरीला हा प्रश्न परीक्षेत यायला हवा. तिला हे उत्तर वाचून दाखवा, मग दोघं मिळून भांडा माझ्याशी.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. तिचा पाया म्हणजे पीक कापणी प्रयोग. आपल्याकडे मुख्य पिकांसाठी साधारणपणे महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा मिळून गट, हा एक घटक धरतात. मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग घ्यायचे. कोणतं गाव, कोणता गट नंबर, हे कुणाच्या मर्जीवर नाही. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निघालेल्या, संख्यांवरून ठरतं. वावरात गेल्यावरही मनाला येईल तिथं चौकोन आखायचा नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करून, मिळालेल्या संख्येएवढी पावलं लांबीकडे आणि रुंदीकडे मोजून जागा ठरते. तिथं ठरावीक मापाचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करतात. अशा प्रयोगांची सरासरी हा त्या वर्षीच्या मंडळाच्या उत्पादनाचा आधार. ते ताडून बघायचं उंबरठा उत्पादनाशी. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर (त्या सरासरीचा किती टक्के भाग विम्यानं सांभाळायचा तो आकडा), असा तो उंबरठा निघतो. मंडळाची सरासरी त्याच्या खाली गेली तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, वर राहिली तर या हिशेबानं कुणालाच नाही.

तर तुमचा प्रश्न. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. मंडळ तसं नसतं. एका गावाचं शिवार नाल्याकाठचं, काळं, पाणी धरून ठेवणारं. दुसऱ्याचं बरड, पाणी वाहून जाणारं. एकाच पावसानं तुमचं सोयाबीन सडलं आणि बरडावरचं तरारलं, असं होतं. दहा चौकोनांची सरासरी त्या दोघांच्या मधे कुठंतरी येते. ती मंडळाबद्दल बऱ्यापैकी खरं सांगेल. तुमच्या चार एकरांबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि सांगण्यासाठी ती काढलेलीही नसते. तुमच्या पोरीच्या पुस्तकातलं विचलनाचं प्रकरण नेमकं यासाठी आहे. सरासरीवर भरपाई ठरवली की तिच्याभोवती जे पसरलेलं असतं, ते नुकसान सोसणाऱ्याच्या अंगावर राहतं. माझ्या मते विमा घटक जितका लहान करता येईल तितका करावा, मंडळापेक्षा गाव बरं. पण गावागणिक प्रयोग घ्यायचे म्हणजे माणसं लागतात, आणि कापणी सगळीकडे एकाच पंधरवड्यात येते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तेवढेच. ही अडचण खरी आहे, ती नाकारून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट पोरीच्या वहीत जाऊ द्या. मोजमापात दोन जातींची चूक असते. पहिली नशिबाची: दहा चौकोन योगायोगानं चांगल्या वावरांत पडले. ही प्रयोग वाढवले की कमी होते, पण सावकाश. निम्म्यावर आणायची तर प्रयोग चौपट करावे लागतात, दहाचे चाळीस. दुसरी चूक एकाच बाजूला झुकलेली, आणि ती कितीही प्रयोग वाढवले तरी तशीच राहते. आपल्या देशात यावरून मोठा वाद झाला आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली आणि बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी सुरू केली. त्यांचे कापणीचे तुकडे फार लहान असत. सातारा जिल्ह्यात १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगून येतं. कारण साधं आहे. आखलेल्या रेषेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असेल तर रेषेवरची झाडं आतल्या झाडांच्या मानानं खूप, म्हणून फुगवटाही खूप. मोठ्या चौकोनात तोच फुगवटा विरून जातो. हे त्या काळी वावरात उभं राहून, कापून, वजन करून सिद्ध केलेलं आहे, नुसतं कागदावर नाही. आपल्या मराठी माणसाचं हे काम प्रत्येक कॉमर्सच्या वर्गात सांगायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या गावात प्रयोग लागला तर पोरीला घेऊन जा. प्रयोग गावकऱ्यांसमोर होतो, बघायला जाण्यात काही गैर नाही. गट नंबर यादीतलाच आहे का, पावलं नैर्ऋत्य कोपऱ्यातूनच मोजली का, रेषेवरची झाडं कशी धरली, वजन ओल्या दाण्याचं की सुकवलेल्या, हे बघा आणि लिहून ठेवा. योजनेच्या अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या हंगामाचा शासन निर्णयही पोरीला वाचायला लावा.

पावसाचंही असंच. हवामान खातं जिल्ह्याचा हंगामी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत असला की ‘सर्वसाधारण’ म्हणतं. तेवढाच पाऊस चार दिवसांत कोसळला काय आणि चाळीस दिवसांत झिरपला काय, बेरीज तीच. म्हणून बेरजेसोबत पावसाचे दिवसही बघावे. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तो पावसाचा दिवस. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पीक का गेलं ते बरंचसं उमगतं.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.ला आहे. गणितं सगळी सुटतात, टी-टेस्टमध्ये मार्क पूर्ण मिळतात, पण उत्तर आल्यावर त्याचा अर्थ काय हे विचारलं तर गप्प बसतो. पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे आपलं म्हणणं ९७ टक्के खरं, असं मित्र सांगतो. बरोबर आहे का? काकांच्या वावरात दोन सोयाबीन वाणांची तुलना करून प्रोजेक्ट करायचा विचार आहे.
— एक विद्यार्थी, वाशीम जिल्हा

उत्तर : मित्राचं चुकतंय बाळा, आणि या चुकीत तो एकटा नाही.

असं धर, तुझी आजी म्हणते, ‘विहिरीचं पाणी कोणतं अन् हापशीचं कोणतं, मी चवीवरून सांगते.’ आठ पेले घे, चारांत विहिरीचं, चारांत हापशीचं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव. आजीला सांग, विहिरीचे चार पेले वेगळे काढ. आठांतून चार निवडायचे ७० प्रकार आहेत. आजीला काहीच कळत नसेल आणि ती अंदाजानं उचलत असेल, तर चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक, म्हणजे सुमारे ०.०१४. हीच पी-व्हॅल्यू. ‘काही कळत नाही’ असं गृहीत धरल्यावर, एवढा चांगला किंवा याहून चांगला निकाल नुसत्या योगायोगानं किती वेळा येईल, एवढंच ती सांगते. आजीचा दावा खरा असण्याची शक्यता ती सांगत नाही. चारातले तीन बरोबर आले तर? तीन किंवा चार बरोबर येण्याचे प्रकार १७, म्हणजे १७ भागिले ७०, जवळजवळ ०.२४. तेवढ्यावर मान डोलावता येत नाही. या प्रयोगाचा मूळ आराखडा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा. चहात दूध आधी घातलं की नंतर, हे ओळखण्याचा एका बाईंचा दावा होता, त्यावरून तो बेतलेला आणि १९३५ साली त्यांनी तो लिहून मांडला. फिशर १९१९ मध्ये इंग्लंडातल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात लागले होते. तुझ्या पुस्तकातलं पुष्कळ काही शेताच्या बांधावर जन्मलेलं आहे.

आता काकांचं वावर. अर्ध्यात एक वाण आणि अर्ध्यात दुसरा पेरलास तर प्रोजेक्ट पेरणीच्या दिवशीच वाया गेला, कारण एका अर्ध्याला नाला लागून असेल, दुसऱ्याला धुऱ्यावरच्या निंबाची सावली असेल. मग फरक वाणाचा की जमिनीचा, कोण सांगणार? वावराचे सहा भाग कर. प्रत्येक भागात शेजारी-शेजारी दोन पट्टे. कोणत्या पट्ट्यात कोणता वाण, हे प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरव. काका म्हणतील, ‘चांगला वाण भारी जमिनीत टाकू.’ त्यांना हात जोडून सांग, की नाण्याचंच ऐकायचं.

आता टी-टेस्ट, म्हणजे दिसलेला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का, हे तपासायची रीत. समजा, सहा जोड्यांतला फरक (नवा वाण उणे जुना) असा आला: ४, १, उणे २, ५, ३, १ किलो. सरासरी २. प्रत्येक फरकातून ही सरासरी वजा करून केलेल्या वर्गांची बेरीज ३२, भागिले ५, म्हणजे ६.४, स्टँडर्ड डेव्हिएशन २.५३. त्याला ६ च्या वर्गमुळानं भागलं की १.०३. टी म्हणजे २ भागिले १.०३, साधारण १.९४. तक्त्यात ५ डिग्रीज ऑफ फ्रीडमला ५ टक्के पातळीचा आकडा २.५७१. आपला त्याहून लहान, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानंही येऊ शकतो. इथं वर्गातली मुलं लिहून टाकतात, ‘दोन्ही वाण सारखे आहेत.’ असं लिहू नकोस. लिही, ‘एवढ्या पुराव्यावर फरक सिद्ध झाला नाही.’ सहा जोड्यांत २ किलोचा फरक दिसतो आहे. तो खराही असेल, पण जोडीजोडीत इतका चढउतार आहे की सहा जोड्या पुऱ्या पडल्या नाहीत. थोड्याच नमुन्यांवर बोलायचं कसं, ही अडचण विल्यम गॉसेट यांना डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात आली आणि त्यातूनच १९०८ साली ‘स्टुडंट’ या नावानं टीचा निबंध आला. म्हणून ती टेस्ट लहान नमुन्याला चालते. लहान नमुन्यातून मोठी खात्री काढून द्यायचं काम मात्र ती करत नाही.

जमलं तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला जा. चाचणीचे पट्टे कसे आखतात, एकच वाण पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागी का दिसतो, हे तिथल्या शास्त्रज्ञांना विचार. तुझं अर्धं प्रकरण तिथंच सुटेल.

प्रश्न : मॅडम, मी आशा कार्यकर्ती आहे, धारणी तालुक्यात. वय चाळिशीपार. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. स्टॅटिस्टिक्सच्या प्रकल्पाला नवजात बाळांची वजनं घ्यावी म्हणते, रजिस्टर माझ्याच हातचं आहे. चालेल का? आणि या वयात हा विषय मला झेपेल का?
— एक आशाताई, मेळघाट

उत्तर : ताई, वर्गातल्या पोरांना डेटा म्हणजे पुस्तकात छापलेला तक्ता वाटतो. तुम्ही तो दारोदार फिरून, काटा लावून, पावसापाण्यात गोळा केलेला आहे. झेपेल का, हा प्रश्न तुमच्याकडून यायलाच नको होता.

रजिस्टर वापरण्याआधी तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. प्रकल्पात आईचं, बाळाचं, पाड्याचं नाव येऊ देऊ नका. लहान पाड्यात तारखेवरूनही घर ओळखू येतं, म्हणून तारखेऐवजी महिना लिहा.

मग पहिलं काम सरासरी नाही. शंभर-शंभर ग्रॅमचे गट पाडा आणि आयतालेख काढा. २.५ किलोवर एक उंच खांब उभा दिसला तर थांबा. २.५ किलोच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं ठरतं, पाठपुरावा वाढतो. म्हणून काटा २.४ आणि २.५ च्या मधे थरथरला की कुणाचाही हात २.५ कडे झुकू शकतो. शिवाय माणसाला पूर्ण आणि अर्ध्या किलोचा आकडा आवडतोच. जनगणनेत वयाचंही असंच होतं, शेवटी ० किंवा ५ असलेल्या वयांची गर्दी होते. ती मोजायला व्हिपल निर्देशांक आहे: अशी गर्दी अजिबात नसेल तर १००, सगळ्यांनी ० किंवा ५ वरच वय सांगितलं तर ५००. तुमच्या रजिस्टरात खांब दिसला तर तो लपवू नका. तोच तुमच्या प्रकल्पाचा सगळ्यात मोलाचा भाग.

दुसरं, रजिस्टरात कोण नाही ते लिहा. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, कामाला बाहेरगावी गेलेल्या, घरीच बाळंत झालेल्या आणि वजन उशिरा झालेल्या. त्या बाया सुटल्या की उरलेल्या बाळांची सरासरी खऱ्यापेक्षा चांगली दिसू शकते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या गृहभेटीतली वजनं जन्मवजनाच्या रांगेत मिसळू नका. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, ते नैसर्गिक आहे, आणि त्यानं तुमचा हिशेब विस्कटेल. काटा कोणता होता, कपड्यांसकट वजन केलं की त्याशिवाय, हे आठवत असेल तोवर लिहून ठेवा. कोरकू घरांत वय, तारीख विचारताना तुम्ही काय युक्ती करता, तीसुद्धा लिहा. आंबे उतरले तेव्हा की होळीच्या आधी, असं विचारून तुम्ही महिना पक्का करत असाल. पुढे हे काम करणाऱ्याला ते कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

प्रश्न : मॅडम, कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा? मोबाइलवर एक्सेलमध्ये सगळं निघतं, मग हातानं कशाला करायचं?
— बी.कॉम. प्रथम वर्ष, वर्धा जिल्हा

उत्तर : स्टॅटचा मोड असलेला कोणताही साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो; परीक्षेत कोणता चालेल हे कॉलेजात आधी विचार. त्यात स्टँडर्ड डेव्हिएशनची दोन उत्तरं मिळतात, एक एन नं (एन म्हणजे एकूण आकडे किती ते) भागलेलं, दुसरं एन वजा एक नं. वर कापसाच्या उदाहरणात ७.२९ आणि ७.८७ आलंय. ते सात आकडे घालून बघ, तुझ्या यंत्रात कोणतं बटण कोणतं उत्तर देतं ते कळेल. एक्सेलमध्येही दोन वेगळी सूत्रं आहेत, शेवटी पी असलेलं आणि एस असलेलं; पी म्हणजे एन नं, एस म्हणजे एन वजा एक नं.

प्रत्येक प्रकारचं एकेक उदाहरण हातानं कर, पाच-सात आकड्यांचं, म्हणजे मोठं उत्तर चुकीचं आलं की नजरेला खटकेल. बाकी खुशाल एक्सेलवर. पेपरात मात्र रकाने पाडून दाखव. उत्तर चुकलं तरी रकान्यांचे मार्क मिळतात, नुसत्या उत्तराला कमी मिळतात. उत्तरापुढे किलो, रुपये, क्विंटल जे असेल ते लिही. आणि नवं गणित सुरू करण्याआधी कॅल्क्युलेटरची मेमरी पुसायची सवय लाव, नाहीतर आधीच्या गणिताचे आकडे त्यातच मिसळतात.